डाव्या बाजूची हिरवी चटणी

बालमित्रांनो, आधी एक सोपा प्रश्न. लग्नाच्या पंगतीत पान वाढायला घेतलं, की सगळ्यांत आधी काय वाढतात? बरोब्बर! मीठ. मग लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर. आणि हे सगळं पानाच्या डाव्या बाजूला. भाजी, उसळ उजवीकडे.

आता जरा अवघड प्रश्न. ही डावीकडची चटणी कशासाठी असते? माझ्या वर्गात हे विचारलं, तर "तिखट लागायला!" असं निम्मा वर्ग ओरडला. एक जण म्हणाला, "भाजी आवडीची नसली तर तिच्याशी भाकरी खायला." एका मुलीनं आजीचं उत्तर सांगितलं, "तोंडाला चव येते म्हणून." सगळी उत्तरं बरोबर, पण अर्धीच बरं का! उरलेलं अर्धं उत्तर आपल्या रक्तात दडलेलं आहे. ते आज शोधू या, आणि शोधता शोधता एक झकास चटणीही करू या.

डोंगरची काळी मैना

आमचं घोटावडे मुळशी तालुक्यात. पुण्याहून पौडकडे निघालात, की पिरंगुटच्या पुढे घोटावडे फाटा लागतो. हा सगळा भातखाचरांचा मुलूख. आंब्याच्या मोहोरासारखा वास येणारा आंबेमोहर तांदूळ मुळशीकडचाच. खाचरांच्या वर डोंगर, आणि डोंगरउतारावर करवंदाच्या जाळ्या.

करवंदाचं झुडूप पाहिलंय ना? जाड, चकचकीत, गडद हिरवी पानं. पांढरी, जाईसारखी सुवासिक फुलं. आणि काटे? हात घालाल तर ओरखडा ठरलेलाच! पान तोडलं, की पांढरा चीक येतो. एप्रिलमध्ये जाळीवर हिरवी, आंबट-तुरट करवंदं लटकतात. मे महिन्यात ती काळीभोर होतात आणि मग पळसाच्या पानांच्या द्रोणातून "डोंगरची काळी मैना" रस्त्यावर विकायला येते. पिकलं करवंद अर्धं खाऊन आत बघायचं. लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी! हा खेळ तुमच्या आजोबांनीही खेळलेला असणार. विचारून बघा.

पण चटणीसाठी हवी ती हिरवी, कच्ची करवंदं. त्यांच्या जोडीला कैरी. कैरी तर काय, या दिवसांत दारोदारी! आणि कोथिंबीर, पुदिना. एवढं जमलं, की आपलं सामान तयार. मात्र चटणी वाटण्याआधी एक गोष्ट ऐका. गोष्ट खरी आहे, आणि तिच्यातही एक चटणी आहे.

बारा खलाशी आणि सहा औषधं

पूर्वी शिडाची जहाजं महिनोन्‌महिने समुद्रात असायची. खायला सुकी बिस्किटं आणि खारवलेलं मांस. ताजं काहीच नाही. काही आठवड्यांनी खलाशांच्या हिरड्या सुजायच्या, त्यांतून रक्त यायचं, दात हलायचे, अंगावर काळेनिळे डाग पडायचे, आणि कित्येक जण मरून जायचे. या रोगाला 'स्कर्व्ही' म्हणतात.

१७४७ साली जेम्स लिंड नावाचा डॉक्टर इंग्लंडच्या 'सॅलिस्बरी' या लढाऊ जहाजावर होता. त्यानं स्कर्व्ही झालेले १२ खलाशी निवडले आणि त्यांच्या दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. सगळ्यांना जेवण सारखंच, पण प्रत्येक जोडीला औषध वेगळं. एकीला सफरचंदाची आंबवलेली दारू, दुसरीला पातळ केलेलं गंधकाचं आम्ल, तिसरीला शिरका म्हणजे व्हिनेगर, चौथीला समुद्राचं पाणी. पाचवीला लसूण, मोहरी वगैरे घालून केलेलं चाटण, आणि सहावीला दोन संत्री आणि एक लिंबू.

काय झालं असेल? संत्री-लिंबू खाणारी जोडी सहा दिवसांत इतकी सुधारली, की एक जण कामावर परतला आणि दुसऱ्याला बाकीच्या आजाऱ्यांची देखभाल करायला नेमलं! सफरचंदाच्या दारूनं थोडासा फरक पडला. बाकीचे जवळजवळ होते तसेच.

आता नीट विचार करा हं. शिरका आंबट होता, आम्ल आंबट होतं, पण त्यांनी गुण आला नाही. लसूण-मोहरीचं चाटण झणझणीत होतं, त्यानंही नाही. म्हणजे नुसता आंबटपणा किंवा नुसता तिखटपणा कामाचा नाही. ताज्या फळात आणखी काहीतरी होतं! १७९५ पासून इंग्लंडच्या आरमारात लिंबाचा रस नेमानं मिळू लागला. पण ते 'काहीतरी' नक्की काय, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. हंगेरी देशातल्या अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञानं ते द्रव्य वेगळं काढलं, आणि पुढे त्याला ते भरपूर मिळालं कशात, माहीत आहे? त्याच्या गावच्या मिरचीत! १९३७ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळालं. ते द्रव्य म्हणजे 'क' जीवनसत्त्व.

कैरी, आवळा, पेरू, लिंबू, हिरवी मिरची यांत ते चांगलं असतं. कोथिंबीर-पुदिन्याच्या ताज्या पानांतही असतं. पिकलेल्या आंब्यापेक्षा कच्च्या कैरीत ते जास्त असतं. आणि गंमत म्हणजे चिंच एवढी आंबट, पण तिच्यात फारच थोडं. म्हणून जिभेवर विसंबून चालत नाही!

एसटीचा कंडक्टर

"बाई, पण आपल्याला कुठे स्कर्व्ही झालीय?" असं तुम्ही म्हणाल. खरंय. आपलं दुखणं वेगळं आहे. ते दिसत नाही, म्हणून जास्त फसवतं.

जिना चढताना धाप लागते का? मधल्या सुट्टीत खेळावंसं वाटत नाही? वर्गात डोळे मिटतात? याची कारणं पुष्कळ असतात, पण एक मोठं कारण म्हणजे रक्त कमी असणं, म्हणजेच रक्तक्षय. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या दर १०० मुलींमागे ५९ मुलींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. मुलग्यांत दर १०० मागे ३१. म्हणजे तुमच्या ताई-दादांच्या बाकावर बसलेल्यांपैकीच कितीतरी जण!

रक्ताचा लाल रंग ज्या हिमोग्लोबिनमुळे असतो, त्याला लोह लागतं. श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवण्याचं काम त्याच्याकडे. लोह कमी पडलं, की ही ने-आण मंदावते आणि आपण दमतो.

मग लोह मिळतं कशातून? बाजरी, नाचणी, हरभरा, मटकी, माठ, तीळ, अळीव. हे तर आपण खातो. तरी कमी कसं पडतं? ऐका. धान्य-कडधान्य आणि पालेभाजीतलं लोह म्हणजे एसटी स्टँडवर उभे असलेले प्रवासी समजा. स्टँडवर गर्दी भरपूर, पण रक्तात जाणाऱ्या गाडीत चढतात थोडेच. धान्यातली काही द्रव्यं त्यांना धरून ठेवतात. क जीवनसत्त्व हा आपला कंडक्टर. तो लोहाचं रूप असं पालटतो, की आतड्याला ते सहज शोषून घेता यावं. "चला, चला, पुढे सरका" म्हणत तो जास्त प्रवासी आत घेतो! फळांतली आम्लंही त्याला थोडी मदत करतात.

पण कंडक्टर गाडीच्या वेळेलाच हजर पाहिजे ना? सकाळी लिंबू-सरबत आणि दुपारी भाकरी, याचा उपयोग नाही. आंबट ताजं फळ त्याच जेवणात हवं. आणि जेवणाबरोबर चहा घेतलात, तर चहातली तुरट द्रव्यं गाडीचं दारच लावून घेतात. चहा-भाकरी, चहा-चपाती आपल्याकडे घरोघरी चालते. ती जोडी मोडायची आणि भाकरी-चटणीची जोडी जमवायची.

आता कळलं डाव्या बाजूचं उरलेलं उत्तर? लिंबू, चटणी, कोशिंबीर ही ताजी, कच्ची मंडळी उजवीकडच्या भाजी-भाकरीतलं लोह अंगी लावतात.

मात्र एक अडचण आहे. चटणी जाळ तिखट असेल, तर बोटभर चाटूनच तुम्ही पाणी मागता. बोटभर चटणीत क जीवनसत्त्व येणार ते कितीसं? म्हणून आपल्या चटणीचा नियम असा: मिरची कमी, फळ आणि पाला जास्त. निदान दोन मोठे चमचे मजेत खाता आली पाहिजे!

करवंद-कैरीची चटणी

साहित्य (चार-पाच जणांसाठी): हिरवी करवंदं अर्धी वाटी, अर्धी मध्यम कैरी, निवडलेली कोथिंबीर दोन वाट्या (कोवळ्या काड्यांसकट), पुदिन्याची पानं अर्धी वाटी, एक हिरवी मिरची, लसणाच्या तीन पाकळ्या, अर्धा चमचा जिरे, भाजलेले शेंगदाणे किंवा ओलं खोबरं दोन चमचे, सुपारीएवढा गूळ, चवीपुरतं मीठ. करवंदं मिळाली नाहीत तर एक अख्खी कैरी घ्या.

कृती: सगळ्यांत आधी साबणानं हात धुवा. ही चटणी आपण शिजवणार नाही, त्यामुळे जंतू मारायला विस्तव नाही. स्वच्छता हाच आपला विस्तव!

कोथिंबीर आणि पुदिना मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून हलवा. माती खाली बसते. पाला वरून उचलून घ्या आणि पाणी बदला. पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तीनदा-चारदा असं करा. पण आधी धुवा आणि मग चिरा बरं का! क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं. चिरलेला पाला धुतलात, तर ते पाण्याबरोबर मोरीत जातं.

करवंदांचे देठ काढून ती दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात ठेवा, मग दोनदा धुवा. चीक निघून जातो. कैरीचाही देठ काढून चीक वाहू द्या आणि धुवा. नाहीतर ओठाला खाज सुटते. करवंदं हलकेच ठेचून आतल्या बिया काढून टाका. कैरीच्या फोडी मोठ्या माणसांकडून विळीवर करून घ्या.

आता पाटा-वरवंटा. आधी जिरे, मिरची, लसूण, शेंगदाणे आणि मीठ वाटा. मीठ खरखरीत असतं, त्यामुळे वाटण लवकर होतं. मग करवंदं, कैरी आणि गूळ. सगळ्यांत शेवटी कोथिंबीर-पुदिना. पाला शेवटी का? कारण तो फार रगडला की रंग आणि वास उतरतो. पाणी घालायची गरज पडत नाही. फळांचाच रस पुरतो.

पाटा नसेल तर मिक्सर, पण मोठ्यांच्या मदतीनं. आणि बटण सलग दाबून ठेवू नका. थांबून थांबून फिरवा, म्हणजे वाटण तापत नाही. उष्णतेनं क जीवनसत्त्व कमी होतं, हे विसरायचं नाही.

चटणी काचेच्या, चिनी मातीच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढा. तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात मुळीच ठेवू नका. आंबटानं ती कळकते, म्हणजे धातूचा अंश चटणीत उतरतो आणि पोट बिघडतं. जुन्या काळी कल्हईवाला दारावर यायचा तो याचसाठी!

चटणीचं घड्याळ

चटणी ताजी आहे की शिळी, हे ती स्वतःच सांगते. प्रयोग करून बघा. दोन लहान वाट्यांत एकेक चमचा चटणी घ्या. एक वाटी उघडी ठेवा, दुसरी गच्च झाकून फ्रिजमध्ये किंवा माठाजवळच्या गारव्यात. संध्याकाळी दोन्हींचे रंग वहीत लिहा.

उघडी चटणी पोपटीची शेवाळी, मग तपकिरी होत जाते. पानांतलं हिरवं द्रव्य म्हणजे हरितद्रव्य. फळातलं आम्ल त्यातला मॅग्नेशियमचा कण काढून घेतं, म्हणून हिरवा रंग मावळतो. हवेनं तिचा वरचा थर काळवंडतो, आणि त्याच वेळी क जीवनसत्त्वही कमी होत असतं. म्हणून ही चटणी सकाळची सकाळी संपवावी. फार तर फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत. प्रयोगातली उघडी चटणी मात्र खायची नाही हं!

इंग्रज इथून परत गेले ते 'चटणी' हा शब्द आपल्या भाषेत घेऊन गेले. पण त्यांची चटणी बघाल तर चकित व्हाल. कैरी, शिरका आणि भरपूर साखर घालून तासभर शिजवलेला, मुरांब्यासारखा गोड पदार्थ! तो बरणीत महिनोन्‌महिने टिकतो, कारण साखर आणि आम्ल जंतूंना वाढू देत नाहीत. टिकणं हा त्याचा गुण, ताजेपणा हा आपल्या चटणीचा गुण. बाजारच्या बाटलीत चटणी आंबट लागते, पण आंबटपणा कशाचा आहे ते पाठीमागच्या बारीक अक्षरांत वाचा. आणि लिंडची शिरका घेणारी जोडी आठवा!

बारा महिन्यांची यादी

कैरी-करवंदं संपली की काय? काळजी नको. श्रावण-भाद्रपदात आंबाडे. थंडीत आवळा, तो तर क जीवनसत्त्वाचा राजा. त्याच्या फोडी, कोथिंबीर आणि आलं वाटा. थंडीतच कच्चा पेरू. माघ-फाल्गुनात कवठ आणि गूळ. चैत्रात पुन्हा कैरी. आणि काहीच नसेल तेव्हा कोथिंबिरीच्या चटणीवर वाढताना लिंबू पिळा. एका कागदावर बारा महिने लिहून ही यादी स्वयंपाकघरात चिकटवा. तुमच्या भागात वेगळं आंबट फळ असेल तर तेही लिहा.

पुदिना तर विकत आणायचीही गरज नाही. जुडीतली एक जाड काडी ओल्या मातीत खोचा. डालड्याचा जुना डबाही चालेल, फक्त तळाला भोक हवं. थोड्याच दिवसांत पानं फुटतात. धने हातानं हलके रगडून दोन भाग करा आणि पेरा, कोथिंबीर उगवेल. शाळेच्या परसबागेत एक वाफा याच कामाला ठेवलात, तर मधल्या सुट्टीतल्या खिचडीबरोबरही चमचाभर चटणी मिळेल.

आई-बाबांसाठी चार ओळी

पालकहो, चटणी हे औषध नाही. मूल सारखं दमत असेल, पापणीच्या आतली बाजू फिकी दिसत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. शाळेत मिळणारी लोहाची गोळी आणि जंताची गोळी चुकवू नका. गोळी चहाबरोबर देऊ नका. आणि एक विनंती. भाजी संपली की "आता चटणीशी खाऊन घेते" असं म्हणणारी बहुधा आई किंवा ताई असते. चटणी सगळ्यांच्या पानात पडू द्या, आणि भाजी-उसळही तिच्यासाठी शिल्लक राहू द्या. चटणीला अंगी लावायला पानात लोह तर हवं ना!

जाळी राहिली तर करवंद

आता शेवटची गोष्ट. पिरंगुट आणि हिंजवडीकडून घरं, रस्ते, कारखाने आमच्या बाजूला सरकत आहेत. डोंगराच्या पायथ्याला प्लॉट पडतात, तेव्हा सगळ्यांत आधी जेसीबीखाली जाते ती करवंदाची जाळी. काटेरी झुडूप, कोण विचारतं? उन्हाळ्यात वणवा लागतो, त्यातही ती होरपळते. करवंद सहसा कुणी शेतात लावत नाही. बुलबुलासारखे पक्षी फळं खातात आणि बिया टाकतात, त्यातून नवी झुडपं उगवतात. जाळी गेली, तर काळी मैनाही गेली आणि तिच्यावर पोट भरणाऱ्या बायाबापड्यांची उन्हाळ्याची चार पैशांची कमाईही गेली.

तुम्ही काय करू शकाल? पुष्कळ! जाळीत एकट्यानं शिरू नका, मोठ्यांना बरोबर घ्या. काट्यांत साप-विंचू असतात, म्हणून आधी काठीनं आवाज करा. दुसऱ्याचं रान असेल तर विचारून तोडा. ओळखीचं नसलेलं फळ तोंडात घालू नका. फांद्या मोडू नका, आणि पाखरांसाठी थोडी करवंदं ठेवा. वणवा लावणारा दिसला तर गावातल्या मोठ्या माणसांना सांगा. पिकल्या करवंदाच्या बिया धुऊन लगेच पिशवीत पेरा आणि पावसाळ्यात रोपं शाळेच्या किंवा घराच्या कडेला लावा. काही वर्षांत असं कुंपण होईल, की शेळीसुद्धा आत शिरायची नाही! फुलांचा वास, पाखरांना खाऊ आणि चटणीला करवंदं, हे सगळं वर फुकट.

तर मग, उद्याच्या जेवणात आपली चटणी असणार ना? आई कामात असेल तर कोथिंबीर तुम्ही निवडा, पाटा तुम्ही धुवा. पान वाढताना डावी बाजू तुमची. आणि वाढताना सगळ्यांना सांगा, की बोटभर नाही, दोन चमचे घ्यायची!